चिमट्यावरचं पाणी

सासऱ्याला एका हातानं नमस्कार करता येत नाही, आणि फटफटीवर बसलेल्या माणसाला दोन्ही हात सोडता येत नाहीत. या दोन्ही गोष्टी मला सुट्या सुट्या चांगल्या ठाऊक होत्या. पारोळ्याच्या पुढं, धुळ्याच्या रस्त्यावर त्या एकदम समोर आल्या, तेव्हा मी दोन्ही हात जोडले.

चैत्र संपत आला होता. मी धरणगावच्या एका जिनात कापूस पारखायला होतो. बोटांनी तंतू ओढून त्याची लांबी सांगायची, हे माझं काम. मोसमाच्या शेवटच्या गठाणींचे नमुने घेऊन धुळ्याला निघालो होतो. फटफटी बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबाकडून घेतलेली, जुनीच, पण आमच्या भागात तिच्या आवाजानं बैल बिथरायचे, म्हणजे मान होता. समोरून आबांची दमणी, त्यांची बसायची हलकी बैलगाडी, आली. आबा म्हणजे माझे सासरे. त्यांचं गाव तिथून कोसभर आत. त्यांनी मला ओळखलं, पागोटं सावरलं, आणि माझे हात आपोआप छातीशी गेले. पुढचं चाक बैलगाड्यांच्या चाकोरीत उतरलं, चाकोरीनं ते आपल्या मर्जीनं नेलं, आणि बाभळीच्या खोडावर नेऊन आदळलं.

आबा दमणीतून उतरले. मी धुळीत बसलेला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं आणि म्हणाले, "जवाईबापू, नमस्कार पोचना."

ही गोष्ट मुलांना मी इथपर्यंत सांगतो. मुलं हसतात, पुन्हा सांगा म्हणतात, मी हात जोडून दाखवतो आणि पाटावरून पडतो. पुढचं सांगत नाही. आज याला दहा-बारा वर्षं होत आली तरी पुढचं आठवलं की कानाच्या पाळ्या तापतात, आणि राग आलेल्या माणसाला मुलांसमोर विनोदी दिसता येत नाही. म्हणून ते इथं लिहितो.

माझं गुडघ्याचं कातडं तेवढं गेलं होतं. गाडीचा मात्र चिमटा वाकला होता. पुढचं चाक ज्या दोन पायांमध्ये धरलेलं असतं, त्याला चिमटा म्हणतात. सायकलचा असतो तसाच, फक्त जाड नळ्यांचा, आणि वर मध्ये एक मोठी स्प्रिंग. दोन्ही पाय मागं रेटले गेले होते आणि त्यातला डावा जरा बाहेरही पिळला होता. चाक पुढच्या नळीला घासत होतं. मी म्हणालो, गाडी एखाद्या बैलगाडीत टाकून धुळ्याला नेतो, तिथं एक मिस्त्री आहे.

"धुळे कशाले?" आबा म्हणाले. "आमना लोहार शे ना!"

इथं मी नाही म्हणायला हवं होतं. मला कळत होतं. पण जावयाची जात विचित्र असते. सासरवाडीला तो देव असतो, आणि देवाला कोणी विचारत नाही. ताटात काय वाढायचं ते वाढतात, कुठं बसवायचं तिथं बसवतात, आणि त्यानं हसून मान डोलवायची. मी मान डोलवली. फटफटी दुसऱ्या गाडीत चढली आणि आम्ही मिरवणुकीनं गावात गेलो. हिला, म्हणजे आमच्या मंडळीला, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणासाठी आधीच माहेरी पोचवलं होतं. ती दारात उभी होती. माझा गुडघा तिनं पाहिला. गाडी पाहून हसली.

लोहाराच्या भट्टीपुढं तेव्हा गाड्यांच्या चाकांची रांग होती. चैत्र-वैशाखाच्या उन्हानं लाकूड आटतं, चाकावरची लोखंडी धाव सैल पडते, आणि सगळं गाव एकदम लोहाराकडं धावतं. त्याचं सारं वर्ष त्या महिन्या-दीड महिन्यात असतं. गोवऱ्यांच्या गोल आगीत धाव लाल करायची, तिघांनी सांडशीत धरून चाकावर बसवायची, लाकूड धूर ओकायला लागलं की पाणी ओतायचं. लोखंड आवळतं आणि चाक कडकड वाजून घट्ट होतं. त्या गावची एक रीत होती. धाव चढली की पहिला तांब्या गाडीच्या मालकानं ओतायचा. मग लोहाराच्या माणसांनी बादल्या. मालकानं पहिलं पाणी ओतलं नाही तर चाक वर्ष काढत नाही, असं म्हणत.

लोहार चाळिशीचा, बुटका, कमी बोलणारा माणूस होता. त्यानं चिमटा खोलून हातात घेतला, नखानं वाजवला, आणि परत ऐरणीवर ठेवला.

"आबा, हाई धाव नही. हाई नळी शे. हाई मन्हं काम नही."

"लोखंड लोखंडच शे," आबा म्हणाले. "पेटाड भट्टी."

त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं. मालक मी होतो ना. मी कशाकडं पाहत होतो ते मला आठवतं, लोहाराच्या भात्याच्या कातड्याला लावलेल्या ठिगळाकडं. मोठं बारीक टाके घातलेलं ठिगळ होतं. दुसऱ्याच्या नजरेला नजर द्यायची नसली की माणसाला ठिगळंसुद्धा सुंदर दिसतात.

त्यानं काम केलं, आणि माझ्या अडाणी डोळ्याला ते चांगलंच वाटलं. दोन्ही पाय वरच्या जोडापर्यंत लाल केले, लाकडी हातोड्यानं हळू हळू मारून सरळ आणले. मग म्हणाला, "आते राखमा ठेवू. सकाळपावत थंड व्हई."

"सकाळपावत?" आबा म्हणाले. "घरमा मांडे व्हई ऱ्हायनात, जवाई उपाशी शेत."

"पाणी नका, आबा. नळी शे."

आबांनी पाण्याच्या डोणीतून तांब्या भरला आणि माझ्यापुढं धरला. "मालक तुम्ही. पहिला तांब्या तुमना. रीत शे."

आजूबाजूला दहा-पंधरा माणसं जमली होती. चाकं घेऊन आलेले शेतकरी, रिकामटेकडे, पोरं. सगळे जावयाकडं पाहत होते. लोहारानं मान हलवली, अगदी थोडी, माझ्यापुरती. आणि मी, बोटांनी कापसाचा तंतू केसाएवढा आखूड असला तरी ओळखणारा मी, दोन्ही हातांनी तांब्या घेतला आणि त्या लाल नळीवर ओतला. चर्र झालं. वाफ तोंडावर आली. लोक खूश झाले. दुसरा तांब्या आबांनी ओतला. मग आम्ही जेवायला गेलो. खापरावरचे मांडे, आमरस, आणि आबा प्रत्येकाला सांगतायत की आमच्या लोहारानं साहेबाच्या मुलखातलं लोखंड सरळ केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. चिमटा दिसायला ओळंब्यासारखा सरळ होता, पण गाडी डावीकडं ओढत होती, हट्टी बैल चारा पाहून ओढतो तशी. मी हँडल उजवीकडं धरून धरून खांदा दुखवून घेतला. धुळे दोन मैलांवर राहिलं असेल, रस्त्यात एक साधा खड्डा आला, ज्यात आदल्या वर्षी मी शंभरदा गेलो असेन, आणि काहीतरी काडकन मोडलं. डावा पाय तुटला. गाडीचा. माझं मनगट मुरगळलं, गाल खरचटला, आणि नमुन्यांचा कापूस रस्त्याकडेच्या काट्यांवर असा पसरला की त्या बाभळीला बोंडं आली.

गाडी एका बैलगाडीत टाकून धुळ्यात मावसबहिणीकडं उतरलो. हात कापडात बांधून गळ्यात अडकवला. बातमी जायला धुळ्याहून आबांच्या गावाला एक दिवस पुरला, आणि तिसऱ्या दिवशी आबा हजर. मला पाहून त्यांचा चेहरा खरोखरच उतरला, हे मी नाकारत नाही. पण उतरलेला चेहरा फार वेळ तसा ठेवायचा त्यांना सराव नव्हता.

"जवाईना जीव जाता जाता वाचना," ते मावसबहिणीच्या घरच्यांना सांगू लागले. "लोहारनी घात कया. गावमा सांगी दिनं मी, त्यान्हाकडे एक चाक जावाव नही. बठ्ठा चाकं शेजारना गावले."

मी खाटेवर होतो. मनगट मुरगळलं होतं, जीभ नाही. तरी मी काय म्हणालो? मी म्हणालो, "आबा, चहा घ्या."

रागाला सुरुवात झाली ती तिथं नाही. तिथं मी फक्त भिंतीकडं तोंड केलं, आणि तेही मुरगळलेल्या मनगटाच्या खात्यात टाकलं. राग सुरू झाला तो मिस्त्रीकडं.

मिस्त्री मुसलमान, पन्नाशीचा, मोटारगाड्यांच्या कामात हात मुरलेला. त्याचा कारखाना म्हणजे एक पत्र्याची छपरी, आत दोन बाभळीचे खांब जमिनीत खोल रोवलेले. सगळा वाकडेपणा तो त्या दोन खांबांमध्ये काढायचा. मोडका चिमटा त्यानं उन्हात नेला आणि पाहत राहिला. वरच्या जोडाखाली पिवळे मणी ओघळून गोठले होते. ते नखानं खरवडून त्यानं मला दाखवले. नळ्या जोडात पितळेनं डाकलेल्या असतात. इतकं तापवलं की पितळ वितळून बाहेर येतं आणि जोड पोकळ राहतो. मग त्यानं कानस घेतली आणि नळीवर चालवली. वर ती लोखंड खात होती, खाली नुसती घसरत होती, काचेवरून घसरावी तशी. मोडली होती ती नळी जोडात नाही, तिथंच; लाल नळीवर पाणी पडलं की ती अशी कडक आणि ठिसूळ होते.

"भाऊ, इसपे पानी किसने मारा?"

"लोहारानं," मी म्हणालो.

शब्द तोंडातून गेला आणि मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं, किती सहज गेला. गळा साफ करावा लागला नाही.

मिस्त्रीनं कानस खाली ठेवली. "लोहार कभी नहीं मारेगा. वो नली पहचानता है. यह किसी पढे-लिखे का काम है."

त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्याला ठाऊक नव्हतं की तो पढा-लिखा समोर स्टुलावर गळ्यात हात अडकवून बसला आहे. आता वाटतं, ठाऊक असावं.

मग न मोडलेला उजवा पाय घेऊन त्यानं त्यावर घासलेट चोळलं, कापडानं कोरडा पुसला, आणि वरून खडूची भुकटी लावली. आम्ही थांबलो. थोड्या वेळानं पांढऱ्यावर एक बारीक ओली रेघ उमटली, जोडाच्या खाली, नळीला अर्धा वेढा घालून. चिरेत शिरलेलं घासलेट बाहेर येत होतं. हा पायही जाणारच होता. डाव्यानं फक्त घाई केली.

त्या रेघेकडं पाहताना मला राग आला. पहिल्यांदा आबांवर आला, कारण तो सर्वांत सोपा होता. मग त्या दहा-पंधरा माणसांवर, ज्यांनी लोहाराचं "पाणी नका" स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं आणि आता आपापली चाकं मुकाट शेजारच्या गावी घेऊन चालली होती. मग लोहारावरसुद्धा आला. हातातली सांडशी त्यानं फेकून का दिली नाही, "मी करत नाही जा" असं का म्हणाला नाही? मी त्याच्यावरच रागावलो आहे हे कळल्यावर मात्र मला इतकी शरम वाटली की मी उठून बाहेर जाऊन उन्हात उभा राहिलो. त्याला सांडशी फेकता येत नव्हती. फेकता येत होती ती मला, तांब्याच्या रूपानं, आणि मला त्याची काहीही किंमत पडली नसती. जावई होतो मी. हसून म्हणायचं, "राहू द्या आबा, सकाळपर्यंत थांबतो, मांडे उद्याही गोड लागतील." एवढं एक वाक्य.

मिस्त्रीनं कुठूनतरी बंद पडलेल्या तशाच एका गाडीचा चिमटा पैदा केला. तोही वाकलेलाच होता, कारण सरळ चिमटा कोण भंगारात टाकतो? तो सरळ करायला त्याला चार दिवस लागले आणि चारही दिवस मी तिथं बसलो. मावसबहिणीकडं बसून लोकांचं सांत्वन ऐकण्यापेक्षा ते बरं. जो तो यायचा आणि म्हणायचा, खेड्यातल्या लोहाराच्या हातात कशाला द्यायचं असलं काम. मी कोणाला काही बोलत नव्हतो, आणि प्रत्येकाबरोबर लोहाराच्या गुन्ह्यावर माझी एकेक सही होत होती.

मिस्त्रीनं आग पेटवलीच नाही. चिमटा पाटावर आडवा ठेवला आणि दोन्ही पायांवर आरशाच्या काचेचा एक तुकडा टाकला. काच एका कोपऱ्यावर डुगडुगली, टक टक. म्हणजे पाय पिळलेले. मग वरच्या भोकांतून एक सरळ सळई, खालच्या भोकांतून दुसरी. एक डोळा मिटून तो एकीवरून दुसरीकडं बघायचा. मलाही बघायला लावलं. दोन सळया एकमेकींवर यायला हव्यात, एकीनं दुसरीला पूर्ण झाकायला हवं. मला वाटलं, झाकली. तो म्हणाला, डावं टोक बघा. डावीकडं खरोखरच दुसरी सळई बोरीच्या काट्याएवढी डोकावत होती. कापूस पारखणाऱ्याचे डोळे हे!

मग चिमटा दोन खांबांमध्ये. लांब पाइप घालून सावकाश रेटायचं, हवं त्याहून किंचित जास्त, कारण थंड लोखंड परत येतं. मग काढायचा, काच टाकायची, सळया पाहायच्या, परत खांबांत. दिवसाला वीस-पंचवीस वेळा. घाम पुसायला थांबला तरी काचेचा तुकडा आधी सावलीत ठेवायचा. मला ते पाहून त्या संथपणाचाच राग यायला लागला. एका माणसाला राखेत एक रात्र मागितली तर ती दिली नाही, आणि इथं चार दिवस मी मुकाट्यानं देत होतो, कारण मिस्त्री शहरातला आणि त्याला कोणी आबा हुकूम करणारे नव्हते.

चौथ्या दिवशी काच बसली. टक वाजलं नाही. चिमटा गाडीला चढला, आणि दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का पाहायला मिस्त्रीनं मागच्या चाकाला दोरी बांधून दोन्ही बाजूंनी ताणून पुढं आणली. मी वाकून पाहिलं आणि मोठ्या शहाणपणानं म्हणालो, "मिस्त्री, पुढच्या चाकाला दोरी लागत नाही. दोन्हीकडं फट आहे."

"मागचं टायर जाड आहे का पुढचं?"

"मागचं."

"मग फट राहणारच. दोन्हीकडं सारखी आहे का, ते बघा. दोरी चिकटवली तर गाडी आयुष्यभर वाकडी चालेल." मग हसून म्हणाला, "आपको पानी मारने की आदत है."

म्हणजे त्याला कळलं होतं. मला चक्क हलकं वाटलं. मी त्याला सगळं सांगितलं, तांब्यासकट. तो ऐकून एवढंच म्हणाला, "मेरे को क्यों बताते हो?"

आखाजीच्या दिवशी सकाळी मी आबांच्या गावी निघालो. गाडी सरळ चालली, एका बोटावर धरावी इतकी. गावात शिरताना मला मुद्दाम लोहाराच्या भट्टीवरून जायचं होतं. चाकांची रांग नव्हती. गोवऱ्यांच्या आगीच्या जागी एक कुत्रं झोपलं होतं. पोरी झोक्यांवर गाणी म्हणत होत्या, सगळ्या गावात सण होता, आणि तो उंबऱ्यात बसून एका विळ्याला मूठ बसवत होता. माझ्या गाडीचा आवाज ऐकून त्यानं मान वर केली. आधी चिमट्याकडं पाहिलं, वरपासून खालपर्यंत. मग परत विळ्याकडं. माझ्याकडं नाही.

मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. एवढा राग घेऊन चाललो होतो, पण वाटेत त्याच्यापुढं उतरायला तो पुरला नाही.

आबांच्या ओट्यावर आठ-दहा माणसं बसली होती. आबा उठून पुढं आले, "या जवाईबापू!" आणि लगेच गाडीकडं वळून लोकांना सांगू लागले, "दखा, धुळाना मिस्त्रीनी कशी सरळ करी. आमना लोहारनी तं जीव लिन्हा व्हता."

मी ओट्यावर चढलो नाही. खालीच उभा राहिलो.

"पाणी मी टाकलं होतं," मी म्हणालो.

आबांना वाटलं मी प्यायला पाणी मागतोय. आत वळून ओरडले, "पाणी आना!"

"आबा, चिमट्यावर. पहिला तांब्या मी टाकला. दुसरा तुम्ही. लोहार नको म्हणत होता. या सगळ्यांच्या देखत नको म्हणत होता. चिमटा पाण्यानं मोडला, त्याच्या हातोड्यानं नाही."

 मग एक म्हातारा, ज्याचं स्वतःचं चाक त्या दिवशी रांगेत पहिलं होतं, हळूच म्हणाला, "मी तं तवयच म्हनत व्हतू..."

"तुम्ही काही म्हणत नव्हतात!" मी ओरडलो. "कोणी काही म्हणत नव्हतं! मीही नाही!" माझा आवाज फाटला. रागावलेल्या माणसाचा आवाज जड, भारदस्त निघावा अशी माझी फार इच्छा असते. निघतो तो रहाटाच्या चाकासारखा.

आबा माझ्याजवळ आले आणि खालच्या आवाजात, समजूत घालावी तसं, म्हणाले, "माले माहीत शे. पण मंग गावले काय सांगू? जवाईनी सोताना हाते पाणी टाकं, अशे सांगू? बठ्ठा गाव हासता तुमले."

यावर मी काय अपेक्षा केली होती, कोण जाणे. नाकारतील, ओरडतील, विसरलो म्हणतील. त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी माझी अब्रू वाचवली होती! माझ्या एका तांब्याची लाज झाकायला एका माणसाचा सबंध मोसम पांघरूण म्हणून घातला होता, आणि आता ते माझ्याकडून उपकार मानण्याची वाट पाहत होते.

"हसू द्या!" मी म्हणालो. "मी बाभळीवर गाडी घातली तेव्हा हसलेच ना? मेलो का मी? आणि तुम्ही तरी काय हो, माझी अब्रू वाचवली म्हणता. दुसरा तांब्या कोणाचा होता? त्याची अब्रू कोणाची होती?"

हे शेवटचं बोलायला नको होतं असं काही नातेवाइकांचं मत आहे. माझं नाही. त्या सबंध प्रकरणात मी बोललेलं ते एकच वाक्य मला आजही परत घ्यावंसं वाटत नाही.

 आबांच्या मानेवरची शीर उडत होती. मला वाटलं, आता हात उगारतात, आणि सणाच्या दिवशी सासऱ्याच्या हातचा मार खाणारा मी पहिला जावई. त्यांनी खुंटीवरचं पागोटं काढलं, डोक्यावर घातलं, गाडीवानाला हाक मारली, आणि दमणीची दोन्ही चाकं काढायला सांगितलं. चाकं चांगली होती. धाव गेल्याच महिन्यात चढली होती. गाडीवान म्हणाला, "आबा, हाई तं..." आबांनी त्याच्याकडं पाहिलं, आणि त्यानं चाकं काढली.

दोन चाकं गल्लीतून ढकलत निघाली, मागं आबा, मागं ओट्यावरची माणसं, त्यामागं मी. लोहार उंबऱ्यातून उठला. आबांनी चाकांकडं बोट केलं. क्षमा मागणं ही गोष्ट त्यांच्या शरीरात कुठं ठेवलेलीच नव्हती.

लोहारानं चाक हातानं फिरवलं. धाव घट्ट होती हे त्याला एका फेऱ्यात कळलं. त्यानं आबांकडं पाहिलं.

"ठी द्या," तो म्हणाला. "तीन रोज लागतीन."

काम अर्ध्या दिवसाचं. आबांना तीन दिवस दमणीविना काढावे लागले, बाजारला पायी जावं लागलं, आणि ते त्यांनी केलं. दुसऱ्या दिवशी त्या म्हाताऱ्याचं चाक परत आलं, मग आणखी दोन. सगळी आली नाहीत. काहींनी शेजारच्या गावी काम करून घेतलंच होतं, आणि गेलेला आठवडा काही त्यांनी लोहाराला परत आणून दिला नाही. तिसऱ्या दिवशी दमणीची धाव चढली. आबा रीतीप्रमाणं पुढं झाले. लोहारानं तांब्या त्यांच्या हातात दिला नाही. डोणीत बुडवला, आणि स्वतःच ओतला. आबा वाफेत उभे राहून पाहत राहिले.

त्याच दुपारी मी हिला घेऊन धरणगावला निघालो. ही मागं बसलेली, एका हातात बोचकं. मी रागाच्या भरात अजूनही बोलतच होतो: आबा असे, गाव तसं, लोक मेंढरं, आणि शेवटी मी कसा सगळ्यांसमोर बोललो. वाऱ्यात निम्मं तिला ऐकू गेलं नसेल. एरंडोल मागं पडल्यावर ती म्हणाली, जरा थांबा. मी गाडी लिंबाखाली उभी केली.

तिनं उतरून लुगडं झटकलं. तेव्हा मला तिचे हात दिसले. दोन्ही तळव्यांना फोड आले होते आणि एक फुटला होता. मी विचारलं, हे काय?

"लोहाराकडं पाच तोंडं आहेत," ती म्हणाली. "आठ-दहा दिवस मी आबांच्या कोठीतली ज्वारी दळून मागच्या दारानं पाठवत होते. आबांना ठाऊक होतं. कोठीला कुलूप घातलं नाही त्यांनी, पण बोललेही नाहीत. तुम्ही धुळ्यात बोलला नाहीत. तुम्ही दोघं गप्प बसलात, आणि दळावं लागलं मला."